जिऑलॉजी शिकायचीय आणि राहता खान्देशात? मग इथून सुरू करा

बारावीचा निकाल लागला की गावाकडून दोन-चार फोन येतातच. दादा, मला अंटार्क्टिकाला जायचंय, काय करावं लागतं? मी उलट विचारतो, तुमच्या गावच्या नाल्यात दगड कोणता आहे रे? पलीकडं गप्प. मग "काळा" असं उत्तर येतं, अन् खरं सांगतो, तेवढंही पुरतं सुरुवातीला, कारण काळा म्हणजे निदान नाल्यात उतरून पाहिलंय त्यानं.

मी अमळनेरकडचा, काम वाळू आणि गाळावर. खनिजं, समुद्रकिनारा आणि ध्रुवाकडचा बर्फ हे तीन विषय लांबून वेगळे वाटतात, पण तिन्हीकडं नवख्या माणसाला पहिल्या दिवशी जे करायला लावतात ते एकच, हातातला दगड किंवा वाळू नीट बघ, मोज आणि लिही. ते आपल्या पांझरेत, गिरणेत, तापीत जमलं नाही तर अंटार्क्टिकात जमत नाही. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं खान्देशात बसून करायचं आहे, सुरतचं एक तिकीट सोडून.

सामान

फार काही लागत नाही. १० एक्सची हँड लेन्स, मेजरिंग टेप, होकायंत्र, सोनाराकडं असतो तसला छोटा ग्रॅमचा काटा, जुन्या फुटक्या स्पीकरमधला लोहचुंबक, प्लास्टिकच्या पिशव्या, जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. हातोडी लगेच घेऊ नका, सुताराची तर नकोच, कातळावर मारली की तिच्याच पोलादाची कपची उडून डोळ्यात जाते. नाल्यात पुरानं फोडून ठेवलेले दगड हवे तेवढे असतात. पुढं हातोडी घ्याल तेव्हा गॉगल आधी घ्या.

पेन्सिल का, तर माझं ऐका. पहिल्या वर्षी मी जेल पेननं वही भरली आणि पांझरेत पाय घसरला, वही वाळवली पण पानांवर निळे ढग राहिले नुसते. त्याच ट्रिपला वाळूच्या ११ पिशव्यांवर बाहेरून मार्करनं नंबर टाकले होते, एसटीच्या डिक्कीत घासून घासून ते पण पुसले. घरी आल्यावर ११ पिशव्या, सगळ्यांत काळपट वाळू, कोणती कुठली काही कळेना, अख्खी ट्रिप उकिरड्यात गेली. तेव्हापासून बाहेर नंबर असतोच, पण पिशवीच्या आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी पण असते, तारीख, गाव, नदीचा कोणता काठ, किती खोलीवरून, आणि मोबाईलवरचं लोकेशन.

वही मराठीत लिहिली तरी चालते. मराठी माध्यमाची पोरं यालाच उगाच घाबरतात. बसाल्टला, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या आपल्या काळ्या कातळाला, बसाल्टच म्हणायचं, बाकी "दाणे बारीक, कडेला काचेसारखा, उगवतीकडं तडे जास्त" असं लिहिलं तरी ते शंभर नंबरी निरीक्षण आहे.

आधी नकाशा, मग पायपीट

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर, म्हणजे चढउतार आणि नाले दाखवणाऱ्या नंबर दिलेल्या नकाशांवर, नंदुरबार-शिरपूर ४६ के मध्ये येतं, धुळे ४६ एल मध्ये, चोपडा-यावल ४६ ओ मध्ये. १:५०,००० ची शीट घ्यायची. जीएसआयच्या, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याच्या, भूकोश पोर्टलवर नोंदणी केली की भूवैज्ञानिक नकाशे फुकट मिळतात, आणि नकाशांवर काम करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट आहे, कॉलेजच्या साध्या कॉम्प्युटरवर चालतं.

नकाशा आधी अशासाठी की खान्देशात तुम्ही कुठं राहता त्यावर तुमचं काम ठरतं. तापीच्या उत्तरेला यावल-रावेर पट्ट्यात राहत असाल तर कातळ शोधत बसू नका, तिथं बोअर शेकडो फूट गेली तरी गाळच लागतो, कारण सातपुडा आणि तापी यांच्या मधला भाग खचून खाली गेला आणि नद्यांनी तो गाळानं भरला. त्या पोरांनी गाळ आणि पाणी हाच विषय धरावा. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा जो बझाडा पट्टा आहे त्यातून पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खाली केळीच्या बोअरला येतं, म्हणून वडिलांच्या बोअरची पातळी दर महिन्याला दोरी सोडून मोजली आणि दोन वर्षं लिहून ठेवली तर तो चांगला डेटा होतो, भले भले लोक असा डेटा शोधत फिरतात. दक्षिणेला आणि पश्चिमेला, म्हणजे धुळे, साक्री, पारोळा, नंदुरबार, तिथं मात्र चंगळ आहे.

डाईक बघा, आयुष्यात एकदा तरी नीट

दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला, आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दिसतो. थर तर आपण घाटात बघतोच, पण तो खालून वर चढताना जमिनीच्या भेगांत गोठून जी उभी भिंत राहिली तिला डाईक म्हणतात, आणि नंदुरबार-धुळ्याचा डाईकांचा समूह जगभरच्या भूवैज्ञानिकांना माहीत आहे, आपल्यालाच माहीत नाही. यातला साक्री-धुळे-पारोळा असा एक डाईक ७० किलोमीटरपेक्षा लांब आहे. गूगल अर्थवर धुळे-साक्री भाग उघडा, पूर्व-पश्चिम पट्टीनं आखल्यासारख्या टेकड्या दिसतील. आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि भिंत मागं राहिली, म्हणून ती अशी दिसते.

प्रत्यक्ष गेल्यावर तीन गोष्टी करायच्या. जाडी मोजायची, आणि टेप भिंतीला काटकोनात धरायचा, तिरका धरला की आकडा फुगतो. दिशा घ्यायची. इथं एक गंमत आहे, या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज असतं त्यामुळं होकायंत्र दगडावर टेकवलं की काटा बहकतो, चार पावलं मागं सरकून लांबून भिंतीच्या रेषेत धरायचं, पाच वेळा घ्यायचं आणि पाचही आकडे लिहायचे, आवडलेला एक नाही. मोबाईलचं होकायंत्र तर कव्हरमधल्या चुंबकानंही चुकतं. आपल्याकडं चुंबकीय उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांत फरक एका अंशाच्या आतच आहे, तेवढी एक डोकेदुखी वाचते. तिसरं म्हणजे भिंतीच्या कडेपासून मधोमध सरकत लेन्सनं दाणे बघायचे, कडेला बारीक, मध्ये जाडसर, कारण कड थंड दगडाला चिकटून पटकन गोठली आणि मधल्या भागाला स्फटिक वाढवायला वेळ मिळाला. काही ठिकाणी आडवे खांब एकावर एक रचलेले दिसतात, अगदी सरपणाची चळत लावल्यासारखे. लाव्हाच्या थरात खांब उभे असतात आणि डाईकमध्ये आडवे, कारण तडे थंड होणाऱ्या कडेपासून काटकोनात आत जातात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकातलं ते पान परत वाचावं लागत नाही.

आणि तिथल्या शेतकऱ्याशी बोला. डाईकच्या एका अंगाच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाची कोरडी, असं तो तुम्हाला आपणहून सांगेल. भिंत जमिनीखालचं पाणी अडवते, कधी फुटलेली असेल तर उलट वाहूनही नेते. म्हाताऱ्या आबांना हे जन्मभर माहीत असतं, फक्त डाईक हा शब्द माहीत नसतो.

खदानीत जायचं असेल तर मालकाला विचारून, सुरुंगाची वेळ कोणती ते आधी कळून घेऊन. जळगावकडच्या खदानीतले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइटचे स्फटिक जगातल्या म्युझियममध्ये "जळगाव" नावानं बसलेत, तुम्हाला टाकलेल्या ढिगातही छोटे मिळतील. पांढरा स्फटिक कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) आहे की झिओलाइट (स्टिल्बाइट यातलंच) हे कळत नसेल तर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका, फसफसलं तर कॅल्साइट. ॲसिड कॉलेजच्या लॅबमधून सरांना सांगून घ्या, संडास धुवायच्या बाटलीतलं घेऊन फिरू नका. अभयारण्यात आणि किल्ल्यावर दगड फोडायचा नाही, तिथं फक्त फोटो.

मूठभर वाळू आणि स्पीकरचा चुंबक

माझा सगळ्यात आवडता भाग हा, त्यामुळं जरा लांबेल.

नदीच्या वाळूत काळ्या रेघा दिसतात ना, मोठ्या दगडाच्या मागं किंवा पूर ओसरल्यावर वळणावर, तिथली मूठभर आणि शेजारच्या साध्या वाळूची मूठभर अशी दोन सॅम्पल घ्या. मूठभरच. गोणी घेऊन गेलात तर वेगळंच प्रकरण होईल, वाळूचा विषय आपल्याकडं किती तापलेला आहे ते तुम्हाला माहीतच आहे. मी गिरणेत बसून वाळू चाळत होतो तर वरून एकानं आवाज दिला, "काय भो, तलाठीना माणूस शे का तू?" नाही म्हटलं तर जास्तच संशय, शेवटी त्यालाच चुंबक हातात दिला आणि तो तासभर हलला नाही तिथून. गावात गेल्यावर आधी सांगून टाकायचं कोण आहोत, काय करतोय.

घरी आणून वाळू धुवा, गढूळ पाणी ओतून द्या, वाळवा, नीट १०० ग्रॅम मोजा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर त्याला चिकटलेले दाणे निघता निघत नाहीत. वाळू कागदावर पातळ पसरून चुंबक वरून फिरवायचा, चिकटलं की दुसऱ्या कागदावर नेऊन पिशवीतून चुंबक काढून घ्यायचा, दाणे खाली पडतात. काही चिकटेनासं होईपर्यंत हेच. मग काळा ढीग मोजा. ते बहुतेक मॅग्नेटाइट, बसाल्ट झिजून सुटलेलं. लेन्सखाली मागं राहिलेल्या वाळूत पण काळे दाणे दिसतील, त्यात पायरोक्सिन हे बसाल्टमधलं गडद खनिज असतं आणि टायटॅनियमचं खनिज इल्मेनाइट पण, इल्मेनाइट साध्या चुंबकाला धड चिकटत नाही म्हणून राहून जातं.

आता हेच एका नदीच्या पाच ठिकाणी करा, किंवा संगमाच्या वर आणि खाली. आकडे वेगळे आले की का आले हा प्रश्न आपोआप पडतो, आणि तोच तुमचा पहिला प्रोजेक्ट. "तापी खोऱ्यातील गाळाचा अभ्यास" असलं नाव देऊ नका, त्यात काहीच कळत नाही. "बोरी नदी तापीला मिळते तिथं काळे दाणे वाढतात की कमी होतात" असा प्रश्न धरा, जो पिशवी, काटा आणि चार रविवारात सुटेल. मी जे चांगले विद्यार्थी पाहिले ते हुशारीत फार पुढं होते असं नाही, त्यांचे प्रश्न छोटे होते.

या चुंबकाच्या खेळाचं खनिजांशी नातं काय, तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट आणि केरळात चवऱ्याला मोनाझाइटची वाळू साठली ती याच रीतीनं. लाट सुपासारखी पाखडत राहते, हलके दाणे जातात, जड मागं राहतात. मोनाझाइटमध्ये थोरियम आणि दुर्मिळ मूलद्रव्यं, इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम. नदीतली ती काळी रेघ म्हणजे तोच प्रकार, फक्त लहान.

किनारा: तापी लाईननं सुरत

खान्देशाला समुद्र नाही असं म्हणतात, पण नंदुरबारहून सुरतची गाडी पकडली की त्याच दिवशी परत येता येतं. मध्य प्रदेशात मुलताईला निघालेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ खंभातच्या आखाताला मिळते आणि जवळच डुमसचा काळ्या वाळूचा किनारा आहे. तुमच्या पिशवीतल्या काळ्या दाण्यांचे भाऊबंद तिथं भेटतील, घेऊन या, तोच चुंबक फिरवा, आकडा घरच्या आकड्याशेजारी लिहा. मधे उकाईचं धरण आहे, १९७२ चं, आणि आपल्याकडं हतनूर. धरणात जाड वाळू अडते, बारीक गाळ पुढं जातो. किनाऱ्याला नदीकडून वाळू कमी आली की लाटा जी नेतात तिची भरपाई होत नाही, देशभर किनारे झिजण्याच्या कारणांत हे एक धरलं जातं. मात्र दोन पिशव्यांवरून "धरणामुळं डुमस झिजतंय" असं लिहू नका, पहिल्याच मार्गदर्शकाकडं बोलणी खाल.

किनाऱ्याचा उतार मोजायला दोन काठ्या लागतात, त्याला एमरीची पद्धत म्हणतात. दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या, वरच्या टोकाला शून्य धरून खालपर्यंत सेंटिमीटरच्या खुणा. एक काठी जमिनीकडं, दुसरी ठराविक अंतरावर समुद्राकडं. जमिनीकडच्यानं असं बघायचं की समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेत येईल, आणि ती नजर आपल्या काठीवर ज्या खुणेला छेदते तो आकडा म्हणजे तेवढ्या अंतरात जमीन किती उतरली ते. मग मागची काठी पुढच्या जागी, असं करत पाण्यापर्यंत. घरी आलेखाच्या कागदावर उतार काढा. हे पावसाळ्याआधी केलं असेल तर चार महिन्यांनी, ज्या झाडापासून सुरू केलं त्याच झाडापासून, त्याच दिशेत परत काढा, पावसाळ्यानं किनारा किती कापला ते दिसतं.

फक्त एक सांगतो, खंभातच्या आखाताची भरती भारतातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी आहे, अमावस्या-पौर्णिमेला तर जास्तच. भरती-ओहोटीचं टाईमटेबल बघून ओहोटी लागताना उतरायचं आणि पाणी फिरायच्या आत वर यायचं, आणि चिखलाच्या पट्ट्यात आत जायचं नाही. आपण विहिरीत पोहलेली माणसं, समुद्र आपल्याला वाचता येत नाही.

आता तो अंटार्क्टिका

इथं दोन गैरसमज आधी काढून टाकतो. एक, तिथं सोनं-तांबं काढायला कुणी जात नाही. १९९१ चा माद्रिद करार १९९८ ला लागू झाला आणि त्यानुसार तिथं खाणकाम बंद आहे, फक्त वैज्ञानिक संशोधन चालतं. २०४८ ला ही बंदी आपोआप संपते असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते चूक, तेव्हापासून फेरविचाराची बैठक मागता येते एवढंच. खनिजांसाठी भारत समुद्रतळाकडं बघतो, मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आपल्याला शोधासाठी मिळालाय, पाच-सहा किलोमीटर खोलीवर बटाट्याएवढे गोळे पडलेत, त्यात मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. दुसरा गैरसमज, तिथं जायला गिर्यारोहक लागतात. तब्येत लागते, हे खरं, निवड झाली की कडक मेडिकल होतं आणि औलीला बर्फातलं ट्रेनिंग, पण आधी लागतो तो विषय.

भारताची पहिली मोहीम १९८१ ला डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गेली. पहिलं स्टेशन दक्षिण गंगोत्री, ते पुढं बर्फात गाडलं गेलं. आता १९८९ पासून मैत्री आणि २०१२ पासून भारती ही दोन चालू आहेत, आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला हिमाद्री आहे, २००८ चं. हे सगळं गोव्यातली एनसीपीओआर, म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, ही संस्था बघते. ती संशोधन प्रस्ताव मागवते, विद्यापीठं आणि संस्था प्रस्ताव देतात, मंजूर झाला की त्यांची माणसं जातात. म्हणजे तुम्ही एकटे अर्ज करून जात नाही, ज्यांचं ध्रुवावर काम चालू आहे अशा गाईडकडं पीएचडीला किंवा प्रोजेक्टला लागणं ही खरी वाट. जीएसआयचे भूवैज्ञानिकही मोहिमांत जात आलेत.

आणि तिथं गेल्यावर काय करतात? हिमनग किनाऱ्यावरचे दगड, वाळू पोटात घेऊन समुद्रात जातात, वितळले की ते दाणे तळाच्या बारीक चिखलात पडतात. तळाच्या चिखलाची लांब कांडी काढून थराथरातली जाड वाळू चाळून मोजली की कोणत्या काळात हिमनग जास्त सुटले ते कळतं. चाळणी, काटा, लेन्स, चिठ्ठी. गिरणेच्या काठावर जे केलं तेच.

पोटापाण्याचं

हे भराभर सांगतो, कारण तारखा आणि नियम बदलतात, ते मूळ जाहिरातीतच बघावे. बीएस्सीला जिऑलॉजी घ्यायची असेल तर कॉलेजात तो विषय खरंच चालतो का ते ॲडमिशनच्या आधी विचारा, आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी नसतोच. पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत झेवियर्स इथं आहे, एमएस्सी पुणे आणि नागपूर विद्यापीठात. आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेचा जिऑलॉजी पेपर, पुढं गेट आणि नेट या परीक्षा. सरकारी नोकरीची मोठी वाट म्हणजे यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यातून जीएसआय आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. केमिस्ट्री किंवा फिजिक्स घेऊन बसलात म्हणून वाट बंद नाही, जीएसआयला केमिस्ट आणि जिओफिजिसिस्ट पण लागतात. भूगोलवाल्यांनी जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणं, पक्कं करावं.

नुसता क्लास लावून नोट्स पाठ करणारे परीक्षा काढतातही, पण मुलाखतीत "तुमच्या जिल्ह्याची जिऑलॉजी सांगा" म्हटलं की धुळ्याचा पोरगा हिमालय सांगायला लागतो.

कधी निघायचं

मे महिन्यात नाही. भुसावळच्या उन्हात काळा कातळ तव्यासारखा तापतो, हात टेकवत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा आपला सीझन, पाणी उतरलेलं असतं, शेताच्या बांधानं जाता येतं, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा टिकतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडे बघायला जाणारच असाल तर तापी तिथंच आहे. बॅरेजमुळं पाणी भरलेलं असलं तरी काठावरची मूठभर मिळेल. चुंबक खिशात ठेवा, आणि पिशवीत आत चिठ्ठी टाका, पेन्सिलनं लिहिलेली.